चिमूट का सुटली?

गेल्या अंकात याच पानावर एका वाचकाला मी लिहिलं होतं, की हाताची ताकद कमी होत असेल आणि मुंग्या किंवा बधिरपणा अजिबात नसेल, तर मानेच्या एक्स-रेवर थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. जेमतेम चार ओळींचं उत्तर होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यांनाच द्यायचं, असं संपादकांशी बोलून ठरवलं. पत्रं बहुतेक ठाणे-नवी मुंबईतलीच आहेत आणि आजार एकच, मोटर न्यूरॉन डिसीज, थोडक्यात एमएनडी. अठ्ठावीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात आणि आता आठवड्यातून दोन दिवस नौपाड्यातल्या दवाखान्यात मी हा आजार बघते आहे. कोणाची ओळख पटेल असं पत्रांतलं सगळं काढून टाकलं आहे.

मॅडम, माझे मिस्टर ५३ वर्षांचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं फिटर आहेत. मागच्या गणपतीत त्यांना लॅचची किल्ली फिरवता येईना. मानेचा स्पॉन्डिलायसिस म्हणून तीन महिने ट्रॅक्शन घेतलं. आता ईएमजी (स्नायूंतल्या विजेची तपासणी) झाल्यावर एमएनडी सांगितलंय. हे केमिकलमुळे झालं का? आणि दुसरं, याच्या आधी सहा महिने मीच त्यांचं तेल-तूप बंद करून वजन उतरवलं होतं. सासूबाई म्हणतात, त्यानेच नसा सुकल्या. मला रात्र रात्र झोप लागत नाही. (ऐरोली)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण झोप त्यानेच उडाली आहे. तेल-तूप कमी केल्याने हा आजार होत नाही. उलट लक्षणं दिसायच्या आधीपासूनच बऱ्याच रुग्णांचं वजन आपोआप उतरायला लागतं. स्नायू झिजत असतात, आणि काहींचं शरीर नुसतं बसल्या जागीही नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा जाळत असतं. डाएट लागू पडलं असं तुम्हाला वाटत होतं, तेव्हा कदाचित आजाराचं काम आतून सुरू झालेलं असेल. सासूबाईंना हे पान वाचून दाखवा. आणि आजपासून ते डाएट बंद. वजन टिकलं तर माणूस या आजारात जास्त काळ तग धरतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तुपातली मऊ खिचडी, शिरा, सायीचं दही, शिकरण, जे आवडीने जाईल ते द्या. मधुमेह असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून.

आता 'नसा सुकल्या' याबद्दल. सासूबाईंचा शब्द अगदीच चुकीचा नाही, फक्त काय सुकतं ते नीट समजून घेऊ. आपण किल्ली फिरवतो तेव्हा मेंदूच्या वरच्या थरातली एक चेतापेशी हुकूम सोडते. तो मज्जारज्जूत उतरतो, तिथे दुसरी चेतापेशी तो घेते आणि थेट स्नायूपर्यंत पोचवते. या दोन टप्प्यांवरच्या पेशी म्हणजे मोटर न्यूरॉन. १८६९ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाच्या डॉक्टरांनी या रुग्णांची लक्षणं आधी बारकाईने लिहून ठेवली आणि मृत्यूनंतर त्यांचे मज्जारज्जू तपासले. पुढच्या भागातल्या पेशी नाहीशा झाल्या होत्या आणि वरून येणारे बाजूचे तंतू कडक पडले होते. त्यावरून त्यांनी १८७४ मध्ये 'एमियोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस' हे नाव दिलं. तुमच्या फाइलवर एएलएस असं लिहिलेलं असेल, ते हेच.

ही पेशी एवढी नाजूक का, हे तिचं माप कळल्यावर ध्यानात येतं. ठाणे स्टेशनबाहेर आठ फुटांची पानाची टपरी असते ना? पेशीचं अंग तेवढं धरलं, तर पायाच्या बोटांकडे जाणारा तिचा तंतू त्याच मापात थेट बोरीबंदरला पोचेल. १८५३ साली आपली पहिली गाडी धावली तेवढं, म्हणजे ३४ किलोमीटर अंतर! आणि एवढ्या लांब तंतूला लागणारा जवळजवळ सगळा माल त्या टपरीतच तयार होतो. घाईचा माल दिवसाला ४० सेंटिमीटरपर्यंत पुढे सरकतो, तो दोन-तीन दिवसांत पायापर्यंत जातो. पण तंतूचा सांगाडा बांधणारी प्रथिनं दिवसाला एखाद-दोन मिलिमीटर सरकतात. त्यांना पायापर्यंत पोचायला दीड ते तीन वर्षं लागतात. ही पेशी गेली की तिच्या जागी नवी तयार होत नाही, जन्मभर तिलाच चालवावं लागतं. अशा व्यवस्थेत टपरीतल्या कामात थोडी जरी गडबड झाली, तरी ती शेवटच्या स्टेशनावर आधी जाणवते. म्हणूनच बऱ्याच रुग्णांत तंतूचं स्नायूला चिकटलेलं टोक पेशीच्या अंगाआधी सुटतं.

गडबड काय होते त्याचा एक मोठा धागा २००६ मध्ये हाती लागला. टीडीपी-४३ नावाचं एक प्रथिन आहे. त्याची जागा पेशीच्या केंद्रकात असते. जनुकांवरून संदेशांच्या प्रती निघतात, त्यांतला नको तो मजकूर छाटला जातोय ना, हे ते बघतं. आमच्या मासिकाच्या मुद्रितशोधकाचं काम म्हणा ना. एएलएसच्या शंभरातल्या सुमारे सत्त्याण्णव रुग्णांच्या चेतापेशींत हे प्रथिन केंद्रकातून बाहेर पडून पेशीत इतरत्र गोळे होऊन साचलेलं सापडतं. नुकसान दुहेरी होतं. मुद्रितशोधक जागेवर नसल्याने चुकीच्या प्रती तशाच पुढे जातात, आणि तोच बाहेर वाट अडवून बसलेला असतो. २०१९ मध्ये दिसलं, की या चुकीच्या छपाईमुळे स्टॅथमिन-२ हे प्रथिन धड तयार होत नाही, आणि तुटलेला तंतू पुन्हा वाढवायला चेतापेशीला तेच लागतं.

दुसरा धागा शेजाऱ्यांचा. चेतापेशी एकमेकींशी बोलतात ते ग्लुटामेट नावाच्या रसायनाने. बोलणं झालं की ते चटकन आवरावं लागतं आणि ते काम शेजारच्या आधारपेशी करतात. त्यांनी ते नीट केलं नाही, तर मोटर न्यूरॉनवर सतत मारा होत राहतो, आत कॅल्शियम साचतं आणि पेशी थकून मरते. रिल्युझोल ही गोळी याच ठिकाणी काम करते. ती १९९५ पासून वापरात आहे. तिचा फायदा लहान आहे, मूळ चाचण्यांत आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढलं होतं. तरी मी ती देते, आणि लवकर सुरू करते.

तुम्ही लिहिलंय की गणपतीच्या आधीपर्यंत ते ठणठणीत होते. दिसायला होतेच. एक मोटर न्यूरॉन मरते तेव्हा तिचे स्नायूतंतू पोरके होतात, आणि शेजारची धडधाकट पेशी नवे फाटे फोडून त्यांना आपल्या पदराखाली घेते. त्यामुळे बऱ्याच पेशी जाईपर्यंत ताकद टिकून राहते. एक दिवस सांभाळणाऱ्याच पेशी कमी पडतात आणि किल्ली फिरत नाही. हे लांबलेले, दमलेले फाटे मधूनच आपलेआप उडतात, तेच स्नायूंवर फडफडताना दिसतं.

किल्लीच का? या आजारात अंगठ्याकडचे स्नायू करंगळीकडच्यांपेक्षा आधी आणि जास्त झिजतात. माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, 'डॉक्टर, मिठाची चिमूट सुटते.' पुरुष शर्टाचं बटण आणि किल्ली सांगतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधे, हाताच्या मागच्या बाजूला एक उंचवटा असतो, तिथे खळगा पडतो. आपल्या मेंदूत अंगठ्यासाठी फार मोठी जागा राखून ठेवलेली आहे. म्हणून काही संशोधक म्हणतात की आजार मेंदूतून खाली उतरत असावा. स्नायूकडून वर चढतो असं म्हणणाऱ्यांकडेही पुरावे आहेत. तीस-पस्तीस वर्षं हा वाद चालू आहे आणि मला वाटतं, वेगवेगळ्या रुग्णांत दोन्ही खरं निघेल.

ट्रॅक्शनमध्ये गेलेल्या तीन महिन्यांबद्दल मनात राग असेल, पण ती चूक किती सहज होते ते मला ठाऊक आहे, कारण मी ती केली आहे. पन्नाशीच्या माणसाच्या मानेच्या एमआरआयमध्ये काही ना काही झीज दिसतेच. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तुर्भ्याच्या मार्केटमधले एक माथाडी कामगार माझ्याकडे आले होते. वर्षानुवर्षं मानेवर पोती वाहिलेली, एमआरआयमध्ये दाबलेली नस. मी मानेच्या ऑपरेशनसाठी पाठवलं. चार महिन्यांनी ते आधीपेक्षा अशक्त होऊन परत आले, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना तोंड उघडायला सांगितलं. जीभ बाहेर काढायला लावली नाही, आतच सैल पडू दिली. तिच्या कडा आत ओढल्यासारख्या झाल्या होत्या आणि पृष्ठभागावर सगळीकडे बारीक वळवळ चालू होती, ओल्या फडक्याखाली गांडुळं असावीत तशी. मानेच्या मणक्याने जीभ अशी कधीच होत नाही. तेव्हापासून हाताची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाची जीभ मी आधी बघते आणि 'बाळ, टाळ, वेळ' म्हणायला लावते. जिभेचं टोक मागे वळवल्याशिवाय 'ळ' येत नाही, आणि जिभेची ताकद कमी व्हायला लागली की तो लवकर बिघडतो.

राहिला केमिकलचा प्रश्न. तंबाखूचं धूम्रपान हा या आजाराचा त्यातल्या त्यात पक्का ठरलेला बाहेरचा धोका. शिसं, कीटकनाशकं, काही सॉल्व्हंट यांच्याशी काम करणाऱ्यांत काही अभ्यासांना आजार थोडा जास्त आढळला, काहींना नाही. अमेरिकेत सैन्यात राहिलेल्यांमध्ये प्रमाण जास्त दिसल्यावर २००८ मध्ये तिथल्या सरकारने तो सेवेशी जोडलेला आजार मानून भरपाई सुरू केली. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर १९५० च्या दशकात हा आजार इतर जगाच्या पन्नास ते शंभर पट होता आणि पुढच्या काही दशकांत झपाट्याने खाली आला. माणसांची जनुकं एवढ्या लवकर बदलत नाहीत, तेव्हा तिथल्या खाण्यापिण्यात किंवा परिसरात काहीतरी होतं हे उघड आहे. संशय सायकॅड झाडाच्या बियांच्या पिठावर आहे. पण एका माणसाकडे बोट दाखवून 'याला कंपनीतल्या अमुक द्रव्याने झालं' असं सिद्ध करणारी तपासणी आपल्याकडे नाही. तुम्हाला तसं कोणी खात्रीने सांगत असेल, तर पुरावा मागा.

२०१४ मध्ये युरोपातल्या रुग्णनोंदींचं गणित मांडून संशोधकांनी दाखवलं, की हा आजार उमटायला साधारण सहा पायऱ्या ओलांडाव्या लागतात. एखादी पायरी जनुकाची, एखादी बाहेरच्या विषाची, एखादी नुसत्या वयाची. कंपनी ही तुमच्या मिस्टरांची एक पायरी असूही शकेल. तुमच्या स्वयंपाकघरातलं कमी तूप त्यांतली कुठलीच पायरी नाही.

माझ्या बाबांना हा आजार आहे. माझं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांना सांगावं का? मी रक्ताची तपासणी करून घेऊ का? (कळवा)

तू अजून तपासणी करू नकोस. करायचीच तर आधी बाबांची. शंभरातल्या नव्वदहून जास्त रुग्णांच्या घरात दुसऱ्या कोणालाही हा आजार नसतो. उरलेल्या पाच-दहा टक्क्यांत तो पिढ्यांतून येतो, आणि तेव्हा बहुतेक वेळा प्रत्येक मुलाकडे तो बदल जाण्याची शक्यता निम्मी असते. घरात दुसरा रुग्ण नसूनही काहींच्या जनुकात बदल सापडतो, म्हणून बाबांची तपासणी उपयोगाची. ती स्वच्छ निघाली तर तुझी काढण्यात अर्थच उरत नाही.

पहिलं जनुक १९९३ मध्ये सापडलं, एसओडी-१, एकविसाव्या गुणसूत्रावर. २०११ मध्ये नवव्या गुणसूत्रावरचं सी-नाइन-ऑर्फ-७२ सापडलं. त्यात सहा अक्षरांचा एक तुकडा असतो, तो बहुतेकांत थोड्या वेळा आणि या रुग्णांत शेकडो-हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतो. युरोपात हे सगळ्यात जास्त सापडणारं कारण, आशियात ते बरंच कमी आहे. २०१४ साली लोक डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेत होते ते आठवतं? त्या खुळाची टिंगल झाली, पण त्यातून अमेरिकेतल्या एएलएस संस्थेकडे ११.५ कोटी डॉलर जमले आणि त्या पैशाच्या मदतीने २०१६ मध्ये नेक-१ हे आणखी एक जनुक हाती आलं. एसओडी-१ मध्ये बदल असलेल्यांसाठी टोफरसेन हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते पाठीच्या मणक्यातून देतात. शंभरात दोघा-तिघांनाच ते लागू होतं आणि भयंकर महाग आहे, पण कारणावर थेट काम करणारं पहिलंच औषध आहे. जनुक शोधायचं ते याचसाठी.

जनुकात बदल असला तरी त्या सहांपैकी काही पायऱ्याच आधी ओलांडलेल्या असतात. एसओडी-१ मध्ये बदल असलेल्यांच्या बाबतीत गणिताने आणखी दोन पायऱ्या सांगितल्या.

लग्नाचं म्हणशील, तर बाबांचा आजार लपण्यासारखा नाही आणि लपवूही नये. 'बाबांना एमएनडी आहे, तो बहुतेक घरांत पुढे जात नाही, बाबांची तपासणी करतो आहोत,' एवढं शांतपणे सांग. मुलगा त्या वेळी बाबांशी कसा बोलतो ते बघ. माझ्या मते तीही एक तपासणीच.

वय २४. दोन महिने पोटरी आणि पापणी उडते. नेटवर सगळीकडे एएलएस येतंय. मी घाबरलोय. (घोडबंदर रोड)

टाचा उचलून चवड्यांवर वीस पावलं चाल. मग टाचांवर चाल. एका पायावर उभं राहून दहा वेळा टाच वर-खाली कर. हे सगळं जमत असेल आणि कुठलाही स्नायू बारीक झालेला नसेल, तर हे फडफडणं अपुरी झोप, चहा-कॉफी आणि काळजी यांचं आहे. ताकद शाबूत असताना नुसतं फडफडणं लाखो निरोगी लोकांना होतं. एकदा न्यूरॉलॉजिस्टना दाखव, त्यांनी 'काही नाही' म्हटलं की नेटवर शोधणं बंद कर. रात्री अडीच वाजता लिहिलंयस तू, आधी झोप.

भाऊ अडीच वर्षांत गेला. स्टीफन हॉकिंग मात्र पन्नासहून जास्त वर्षं जगले. आमचं काय कमी पडलं? (कोपरी)

काहीही कमी पडलं नाही. हॉकिंगना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी निदान झालं आणि ते २०१८ मध्ये शहात्तराव्या वर्षी गेले. तरुणपणी सुरू होणारा प्रकार बहुधा सावकाश चालतो, आणि त्यांचा तर अतिशय दुर्मीळ होता. अमेरिकेचे बेसबॉलपटू लू गेरिग यांना १९३९ मध्ये निदान झालं आणि १९४१ मध्ये ते गेले. लागोपाठ २,१३० सामने न चुकता खेळलेला माणूस! बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात, दहातल्या एखाद्याला दहापेक्षा जास्त. कुठल्या पेशी आधी जातात यावर बरंच ठरतं. श्वासाचा पडदा हलवणाऱ्या पेशी मानेच्या वरच्या भागात असतात, त्या लवकर गेल्या की वेळ कमी मिळतो. त्यात घरच्यांचा दोष नसतो.

ज्यांचा माणूस आज आजारी आहे त्यांच्यासाठी लिहिते. आडवं झोपल्यावर दम लागणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंगणं, ही श्वास कमी पडत असल्याची चिन्हं आहेत. रात्री मास्क लावून चालवायच्या बायपॅप मशीनने इथे खरा फरक पडतो. बोलायची लाज वाटते म्हणून सहा सहा महिने कोणी सांगत नाही.

आणखी एक, कारण विशीतल्या मुलांच्या आईवडिलांची दोन पत्रं आहेत. एकाच हाताचा पंजा बारीक होतोय, वय पंधरा ते पंचवीस, मुलगा, तर तो हिरायामा नावाचा वेगळा आजार असू शकतो. जपानमध्ये १९५९ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि आपल्याकडे तो चांगलाच दिसतो. मान पुढे वाकवली की मज्जारज्जू दाबला जातो, म्हणून एमआरआय मान वाकवून काढावा लागतो. तो काही वर्षांत आपोआप थांबतो आणि कॉलरने आधीच थांबवता येतो. दक्षिण भारतात तरुणांना होणारा 'मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज' आहे, त्यात चेहरा आणि जीभ दुबळी होते, ऐकू कमी येतं, पण आजार वर्षानुवर्षं रेंगाळतो. शिवाय मोटर न्यूरॉनसारखीच दिसणारी आणि इंजेक्शनांनी सुधारणारी नसांची एक व्याधी आहे, मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी. म्हणून ईएमजी आणि एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी) दोन्ही नीट झाल्याशिवाय एमएनडीचा शिक्का कोणी मारू नये.

स्टेम सेलसाठी काही लाख सांगितले आहेत. घर तारण ठेवू का? (कोपरखैरणे)

ठेवू नका. या आजारात स्टेम सेलचा फायदा सिद्ध झालेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांखेरीज ही उपचारपद्धती फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येते, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे बायपॅप, चांगली व्हीलचेअर आणि रात्रीचा मदतनीस यांना लागतील.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. कडक माणूस. हल्ली बातम्या बघताना हुंदके देऊन रडतात, परवा एका तेराव्याला खदाखदा हसले. सगळ्यांसमोर मान खाली गेली. (पाचपाखाडी)

ते मनाने खचले म्हणून रडतात असं समजू नका, आणि हसले म्हणून रागावू नका. हसण्या-रडण्याचा लगाम मेंदूतून खाली उतरणाऱ्या ज्या तंतूंकडे असतो, तेच या आजारात जातात. आत थोडंसं काही हललं तरी बाहेर पूर आल्यासारखं होतं, आणि ते थांबवणं त्यांच्या हातात नसतं. त्यांना स्वतःला याची किती लाज वाटत असेल! घरातल्या सगळ्यांना, लहान नातवंडांनासुद्धा, समजावून सांगा. तेवढ्या वेळात विषय बदला, पाणी द्या. यावर गोळ्याही आहेत, डॉक्टरांकडे मागा. काही रुग्णांत, शंभरात दहा-पंधरांत, विचार आणि वागणंही बदलतं, तो भाग वेगळा. तो आहे का हे एकदा तपासून घ्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात, पाय, जीभ सगळं जातं, मग डोळे कसे शाबूत राहतात? लघवी-संडासचा ताबा का राहतो? डास चावलेला का कळतो? (वाशी)

डास चावल्याचं कळवणाऱ्या पेशी वेगळ्या. त्या संवेदनेच्या, त्यांना या आजाराची फारशी झळ लागत नाही. म्हणून तर रुग्णाला खाज कळते आणि खाजवता येत नाही. घरच्यांना हे मी मुद्दाम सांगते, कारण तासन्‌तास न हलवलेला पाय किती दुखतो हे तोंडाने सांगता न येणाऱ्या माणसाकडून कोणी विचारून घेत नाही.

डोळे हलवणाऱ्या आणि लघवीचा ताबा ठेवणाऱ्या मोटर न्यूरॉन बांध्यानेच निराळ्या आहेत. डोळ्यांची एक पेशी मोजकेच स्नायूतंतू सांभाळते, तर मांडीची एक पेशी शेकडो. तिच्यावरचा भार कमी. शिवाय कॅल्शियम शोषून घेणारी प्रथिनं तिच्यात भरपूर असतात, त्यामुळे ग्लुटामेटचा मारा ती पचवते. लघवीच्या स्नायूंसाठी मज्जारज्जूच्या तळाशी ओनुफ नावाचा पेशींचा छोटा गट आहे, तोही असाच वाचतो. या वाचलेल्या पेशींत काय आहे ते मेलेल्यांना देता येईल का, या दिशेने चाललेलं काम मला सगळ्यात आशेचं वाटतं.

डोळे राहतात याचा उपयोग तुम्हीच रोज करून घेऊ शकता. नेरूळच्या एका घरात रुग्णाच्या मुलीने पुठ्ठ्याचा अक्षरफळा केला होता. तयार मिळतात ते फळे इंग्रजी. मराठीत नुसती क ते ज्ञ अशी रांग लावून चालत नाही, काना-मात्रा कुठे बसवायच्या हा प्रश्न येतो. तिने अक्षरांच्या पाच रांगा आखल्या, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, आणि उरलेली य ते ळ खाली. डाव्या कडेला काना, वेलांटी, उकार, मात्रा मोठ्या अक्षरांत. कोपऱ्यात सारखे लागणारे अख्खे शब्द, 'पाणी', 'कूस', 'पंखा', 'थुंकी', 'दुखतंय'. ती रांगेवर बोट ठेवायची, वडील वर बघायचे म्हणजे 'हो', मग रांगेतलं अक्षर, मग मात्रा. पहिल्या आठवड्यात एका वाक्याला दहा मिनिटं लागायची. नंतर मात्रा टाळून वडील 'पन क' एवढंच दाखवायचे आणि तिला पंखा कमी करायचा ते कळायचं.

तुमच्या रुग्णांसाठी असा फळा बोलणं पूर्ण जायच्या आधीच करा. शब्द रुग्णाकडूनच निवडून घ्या, तो अजून तोंडाने सांगू शकतोय तेव्हा. पुठ्ठा पांढरा, अक्षरं काळी, दोन इंचांहून लहान नकोत.